लाखोळीचं वरण

माझा स्वभाव तेव्हाही तापट होता, आजही फारसा निवळलेला नाही. त्यात प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हातात पडलं, मग तर विचारायलाच नको. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. लाखांदूरकडच्या आमच्या गावात पंचायत समितीने अंगणवाडी उघडली आणि गावातली दहावी झालेली एकमेव सून म्हणून मला सेविका नेमलं. जागा मिळाली ग्रामपंचायतीमागची खोली. सामान म्हणजे लेकरांना टांगून वजन करायचा एक काटा, वाढीच्या रेघा आखलेली कार्डं, खिचडीचं पातेलं आणि भिंतीला लावायचे चार तक्ते.

त्यातला लाखोळीचा तक्ता माझा फार लाडका. आमच्याकडे धान उभं असतानाच बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात. धान कापून नेलं की मागे राहिलेल्या ओलीवर ती आपली आपण वाढते. नांगर नको, पाणी नको. होळीच्या सुमाराला घरात येते. तूर मोठ्यांच्या घरची, नाहीतर सणासुदीची. मजुरांच्या घरात वर्षभर शिजणारी डाळ ती हीच. आता ही डाळ माणसाने उठता-बसता तेवढीच खाल्ली तर पाय जातात, हे खरंच आहे. तक्त्यावर तसाच एक माणूस काढलेला होता, दोन्ही हातांत काठ्या आणि गुडघे एकमेकांत अडकलेले. खाली जाड अक्षरांत ‘लाखोळी खाऊ नका’.

पहिल्याच मातांच्या सभेत मी छडी घेऊन तो तक्ता शिकवला. बाया चित्राकडे थंडपणे बघत होत्या, म्हणून मला चेव आला. खोलीच्या समोर चिंचेच्या पारावर गावातले एक म्हातारे काका बसलेले असत. त्यांचे पाय तसेच होते, अगदी चित्रातल्यासारखे. मी छडी उचलली ती सरळ त्यांच्याकडे रोखली.

“तक्ता कायले पाहता? थे पाहा. लाखोरी खाल्ली का असं होते.”

खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट होती. त्यांना ऐकू गेलंच असणार. ते काठ्या सावरून बसले. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

बायांनी माना डोलावल्या. आमच्याकडच्या बाया मान फार छान डोलावतात. मग घरी गेल्या आणि त्यांनी रात्री लाखोळीच शिजवली. एकीने मात्र माझा शब्द खरा मानला. ती तलावाच्या पाळीकडच्या शेवटच्या घरात राहायची. नवराबायको दोघंही मजूर, आणि एक पोरगी, जेमतेम दोन वर्षांची. लाखोळी उपटायच्या मजुरीत तिला टोपलंभर लाखोळी मिळाली होती. सभेच्या दुसऱ्याच दिवशी तिने ते टोपलं डोक्यावर घेतलं, दुकानात रिकामं केलं आणि बदल्यात कणकी, म्हणजे तांदळाची चुरी, घेऊन आली. दुकानदाराने ती लाखोळी बेसनात मिसळून गावालाच भज्यांतून खाऊ घातली असणार, पण तो हिशेब माझ्या डोक्यात नव्हता. पुढच्या सभेत मी तिला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती पदराआड तोंड लपवून हसली. शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला मिळालेली ती पहिलीच शाबासकी असेल.

होळीनंतर तिचा नवरा नागपूरकडे विटाभट्टीवर गेला. चैत्रात मी पोरीचं वजन केलं तर काटा होता तिथेच. वैशाखात खाली आला. ज्येष्ठात आणखी खाली. आधी काट्याच्या झोळीत घातलं की ही पोर गाव डोक्यावर घ्यायची. आता गप्प लोंबकळत राहायची आणि माझ्याकडे बघायची.

मी आईला फैलावर घेतलं. “अवो, लेकराले खाऊ घालते का नाई?”

“घालतो वो ताई.”

“मंग काहून वारून राहिली पोट्टी? हात धुते का? पानी गाळते का?”

“तुमी सांगतलं तसंच करतो ताई.”

मला ते काही पटलं नाही. नवरा घरी नाही, ही दिवसभर कामावर, पोरीकडे बघायला वेळ कुठला, असं मी आपल्या मनाने ठरवून टाकलं. नोंदवहीत पोरीच्या रकान्यापुढे कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘आईचे दुर्लक्ष’. अक्षरही चांगलं वळणदार काढलं.

धानाची रोवणी, म्हणजे लावणी, लागली तशी ती पोरीला अंगणवाडीत आणेनाशी झाली. आमची अंगणवाडी उघडायची दहाला, आणि रोवणीच्या बाया उजाडता उजाडता बांधीत उतरलेल्या असतात. ती पोरीला फडक्यात गुंडाळून धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या काठावर, ठेवायची. म्हणजे दिवसाची खिचडी गेली, आणि उरलं ते घरचं रात्रीचं जेवण. मला राग आला. एका संध्याकाळी दिवेलागणीला मी तिला झापायला म्हणून तिच्या घरी गेले.

मायलेकी जेवायलाच बसल्या होत्या. ताटलीत कणकीचा भात, मीठ आणि चिंचेचं आंबट पाणी. पोर भात चिवडत होती.

“अन् डार?” मी विचारलं.

तिने वर पाहिलं. “लाखोरी त तुमीच बंद कराले लावली ना ताई. मी नाई आनत आता घरात.”

त्यात तक्रार नव्हती. मास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठ असल्यावर लेकरं जशी सांगतात, तसं तिने ते सांगितलं. शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. त्या घरात लाखोळीचं वरण शिजत होतं, आणि त्या घरातली तीन लेकरं माझ्या कार्डावर ठणठणीत होती. माझं न ऐकणाऱ्यांची सगळी बरी होती. जिने ऐकलं होतं तिचंच लेकरू वाळत होतं. मी झापायला गेले होते, आणि ‘पाणी उकळून देत जा’ असं काहीतरी पुटपुटून परत आले.

दुसऱ्या दिवशी मी घरून वाटीभर तुरीची डाळ नेऊन दिली. तिने घेतली. संध्याकाळी वाटी परत आली ती रिकामी नाही, रानात उगवणाऱ्या तरोट्याच्या कोवळ्या भाजीने भरून. पुन्हा दिली, पुन्हा भाजी आली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “नोको ताई. रोज रोज बरं नाई दिसत.” आणि खरं सांगायचं तर आमच्या घरीही सासूबाई तूर मोजूनच काढत.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग मी चिंचेखालच्या काकांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, त्यांची बायको तांदूळ पाखडत होती. मी कसंबसं विचारलं, “काकाजी, तुमच्या घरी अजूनही लाखोरी शिजते काय?”

“शिजते ना. रोज नाई, पन शिजते.”

“तुमाले भेव नाई लागत?”

काकांनी काठ्या बाजूला ठेवल्या. “मी जवान होतो तवाची गोष्ट. धान पुरं गेलं होतं बेटा. सकारी लाखोरी, संध्याकारी लाखोरी. तिचीच भाकर, तिचंच वरण. सहा मयने घरात दुसरा दाना नोता. लोक म्हनतात लाखोरीनं पाय गेले. बाकीचं काईच नोतं म्हनून गेले, थे कोनी नाई म्हनत.”

काकूंनी सूप खाली ठेवलं आणि मला कृती सांगितली. डाळ गरम पाण्यात रात्रभर भिजत घालायची, ते पाणी फेकून द्यायचं. शिजवताना पहिल्या उकळीचं पाणीही फेकायचं. आणि नुसती कधी खायची नाही, भात हवा, भाजी हवी, मध्ये दिवस सोडायचे. हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं तेव्हा तेही म्हणाले की अशाने तिचा त्रास पुष्कळ कमी होतो.

मी निघाले तेव्हा काका म्हणाले, “बेटा, छडी दाखवाची असन त मले सांगत जा. मी सोता येऊन उभा राहीन.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने ‘जा आता’ अशी खूण केली.

पोळ्याच्या आधी मातांची सभा होती. तालुक्याहून आमच्या मुख्यसेविका मॅडम एसटीने आल्या होत्या. पोरीच्या आईला एकटीला गाठून हळूच सांगणं मला सोपं होतं. तसं करावं असं मनात शंभरदा आलं. मॅडमसमोर तक्त्याच्या विरुद्ध बोलले तर काम जाईल ही भीती होती, आणि ते मानधन थोडं का असेना, माझं होतं. पण टाळ्या मी सगळ्यांसमोर वाजवायला लावल्या होत्या. मी उभी राहिले.

“मी चुकली,” म्हटलं. “लाखोरी बंद करा म्हटलं, पन तिच्याशिवाय तुमच्या घरात दुसरी डार नाई, याचा इचारच नाई केला.” मग काकूंची कृती सांगितली.

मागून एक म्हातारी म्हणाली, “आमी त खातच होतो वो ताई!” सगळी खोली हसली. मलाही हसू आलं.

पोरीची आई हसली नाही. पोरीला कडेवर घेऊन उठली. “तुमी चुकल्या, अन् सांगून मोकळ्या झाल्या. माह्या पोट्टीचे चार मयने कोन वापस करन?”

मला रडू फुटलं. रडून काही होत नाही हे कळत असूनही मी सगळ्यांसमोर रडले. ती पोरीला घेऊन निघून गेली.

मॅडमनी सभा संपू दिली. मग नोंदवही मागितली. मी ‘आईचे दुर्लक्ष’ खोडून तिथे ‘सेविकेची चूक’ लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं, खाली सही केली आणि म्हणाल्या, “आधी मला विचारायला हवं होतं तुम्ही.” मी नोटिशीची वाट बघत राहिले. नोटीस काही आली नाही. त्याऐवजी मॅडम सरपंचांकडे जाऊन बसल्या, आणि ग्रामपंचायतीने ठराव केला की रोवणी-निंदणीच्या दिवसांत अंगणवाडी उजाडताच उघडायची आणि बाया परत येईपर्यंत लेकरं तिथेच ठेवायची. पंचायत समितीकडून तुरीचं आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचं बी आलं, ते खोलीमागे कुंपण घालून लावलं. कागदोपत्री एवढंच, पण गावात त्याआधी कुणी लेकरांच्या पोटासाठी ठराव केलेला मला आठवत नाही.

मी पहाटे उठून कुलूप उघडू लागले. ती यायची, पोरीला चौकटीत ठेवायची, माझ्याकडे न बघता बांधीकडे निघून जायची. महिना दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, पण तिचा रागही मला रास्त वाटायचा. पोर खिचडी खायची, झोपायची, उठून पुन्हा मागायची. तिच्या घरी पुन्हा लाखोळी आली. शेजारणींनी आपापल्या धान्याच्या डालीतून ओंजळ ओंजळ आणून दिली होती. दसऱ्यापर्यंत काटा हलला नाही. दसऱ्यानंतर थोडा वर आला, मग आणखी थोडा. दिवाळीच्या आत ही चिमुकली बाई पातेल्याजवळ जाऊन झाकण ओढायला लागली आणि खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस मावशीचा पहिला धपाटा तिने खाल्ला. त्या दिवशी संध्याकाळी तिची आई पोरीला न्यायला आली तेव्हा मला म्हणाली, “खोडकर होऊन राहिली ना ताई?” मी नुसती मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्याहून एक मोठे साहेब आले. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता, टेबलावर चादर, हार, सगळं साग्रसंगीत. मी आणि मॅडम टेबलाजवळ उभ्या होतो. साहेब चांगले बोलत होते. मग म्हणाले, “आणि लेकरांना सकाळी कोरा चहा पाजणं आजपासून बंद. त्याने भूक मरते. काय, कळलं ना?”

बायांनी माना डोलावल्या. दुसऱ्या रांगेतून ती उठली. पोरगी कडेवर होती, आता कडेवर मावत नव्हती तरी होती.

“नाई देत साहेब,” ती म्हणाली. “पन सकारी लेकरू भुकेनं रडते, अन् चुलीवर दुसरं काई नसते. त्याच्या जागी काय देऊ, थे सांगा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे. साहेब जरा हसले आणि हाताने खूण करून म्हणाले, “बसा बाई, बसा. सांगतो नंतर.”

ती बसली नाही. मी टेबलाजवळची जागा सोडली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.