पुडीत बांधलेली मेथी

डॉक्टर दत्तात्रय कुऱ्हेकर अकोल्याची नोकरी सोडून अमरावतीस आले, त्याच वर्षी मी त्यांच्या दवाखान्याची पायरी प्रथम चढले. मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापिका होते. मुली सारख्या आजारी पडत, म्हणून शक्तीचे औषध न्यायला रिकामी बाटली घेऊन गेले होते. मुली काय जेवतात, असे त्यांनी विचारले.

"पोळी, वरण, बटाटा."

"आणि उद्या?"

"तेच."

त्यांनी बाटली परत केली. "बाई, आजारी तुमचे स्वयंपाकघर आहे. औषध त्याला हवे."

मी पदवीधर, मला राग आला. तो ओसरल्यावर पालेभाजी सुरू केली. पुढच्या हिवाळ्यात आमची आजाऱ्यांची खोली बहुधा रिकामी राहिली.

तेव्हापासून मी त्यांच्या दवाखान्यात बायकांना आहाराविषयी सांगत आले आहे. या कामात डोके शांत ठेवणे मला अजून जमलेले नाही. वलगावच्या गोदाबाईंचेच पाहा. मळा स्वतःचा, मेथी-चवळाईची टोपली रोज अमरावतीच्या बाजारात, आणि घरात मात्र भाकर अन् मिरचीचा ठेचा. त्यांची सून वेणू गरोदर होती. दिवस मावळला की तिला दिसेनासे होई. चुलीपाशी चाचपडताना तिचा हात भाजला, तेव्हा कुठे सासूबाई बाजाराला जाताना, टोपलीसकट, तिला दवाखान्यात घेऊन आल्या. रोज एक जुडी तेलात परतून हिला खाऊ घाला, नाहीतर डोळे कायमचे जातील, असे डॉक्टरसाहेबांनी बजावले.

"भाजी खाऊन कोनाचे डोये आले काय, साहेब? बाटली देत असान तं द्या."

"टोपलीत आहे ना भाजी?" मी म्हणाले.

"ते इकाची हाय, बाई. इकाचा माल घरी शिजवला तं बाजारात काय माती नेऊ?"

मी पाऊण तास समजावले. व्यर्थ! शेवटी डॉक्टरसाहेबांनी गोदाबाईंच्याच टोपलीतली एक जुडी विकत घेतली, कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधली, वर 'वेणू, दिवसातून दोन वेळा' असे लिहिले आणि औषधाच्या खिडकीतून बाहेर दिली.

"हे तं माह्याच मळ्यातली मेथी व्हय!"

"होती. आता दवाखान्याची आहे. एक दिवस चुकला तर गुण येणार नाही."

गोदाबाईंनी पुडी कपाळाला लावली, आणि रोज बाजाराला येताना तशीच नवी पुडी नेऊ लागल्या. औषध म्हटले की बरे वाटताच लोक ते थांबवतात, असे मी तेव्हाच डॉक्टरसाहेबांना म्हटले होते. झालेही तसेच. वेणूला दिवेलागणीला दिसू लागले, आणि पुड्या बंद.

"बरी झाली ना ते! आता औषध काहून खाचं?"

दुसऱ्या गरोदरपणात पुन्हा तोच अंधार. मी डॉक्टरसाहेबांना चांगले सुनावले. "भाजीचे औषध केले, ही माझीच चूक," असे ते तत्काळ म्हणाले. चूक इतक्या सरळपणे कबूल करणारे पुरुष मी फार थोडे पाहिले आहेत.

मग ते छकड्यातून वलगावला जेवायला जाऊ लागले. कोणत्या दिवशी येणार, हे मात्र सांगत नसत. साहेब पानावर बसणार आणि भाजी नाही, ही नामुष्की गोदाबाईंना कशी चालावी? भाजी रोज शिजू लागली. "आधी वेणूला वाढा," असे म्हणून डॉक्टरसाहेब थांबून राहत. असे कित्येक महिने चालले. वेणूचे डोळे वाचले, आणि त्या घरात भाजीची सवय राहिली.

आता टोपली घेऊन वेणू बसते. परवा डॉक्टरसाहेब बाजारात उशिरा पोचले. मी सोबत होते. तळाशी एकच जुडी उरली होती. वेणूने तिच्यावर पदर ओढला.

"हे नाई भेटत, साहेब. हे घरची हाय."

रिकामी पिशवी घेऊन परतताना डॉक्टरसाहेब जितके खुशीत होते, तितके मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

डॉक्टरसाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. यापुढची चाळीसही त्यांनी अशीच गावोगाव फिरत, लोकांच्या ताटात डोकावत, निरोगी काढावीत. सत्काराच्या भोजनात समितीने चार पक्वान्ने योजली आहेत. पालेभाजी एकही नाही, हे मी तिसऱ्यांदा कळवत आहे. भाजी वेणूकडून घ्यावी, आणि सकाळीच घ्यावी. शेवटची जुडी ती समितीलाही देणार नाही.