नाकाले विचारतो

कापड हातात आलं की मामू आधी चष्मा काढून ठेवायचे. तुम्ही म्हणाल, पारख करताना चष्मा लावतात. पण मामू डोळे मिटून कापड नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "थांबा, नाकाले विचारतो."

चंद्रपूरला शाळेत नोकरी लागल्यावर मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. खाली चादरी-सतरंज्यांचं दुकान, मागे पडदा, पडद्याआड घर. सिरोंच्याकडून लोक आजी-पणजीचे लाल रुमाल दाखवायला आणत. किती जुना, कुठला, एवढंच त्यांना हवं असे. या रुमालांचं सूत विणण्याआधीच बांधून रंगवलेलं असतं. त्यामुळे नक्षीची कड पाण्यात पसरल्यासारखी दिसते आणि दोन्ही बाजू सारख्या. आंध्रातल्या चिराल्याच्या जुन्या विणकरांनी ते सूत तेलात आणि राखेत मुरवलेलं असे. तो तेलकट वास माणसं गेली तरी कापडात राहतो. मामू तो हुंगून "चिराल्याचा, जुना" म्हणत, नाहीतर "हा कालचा पोट्टा" म्हणून परत करत.

एकदा नक्षीत विमान निघालं. मामू म्हणाले, "इनणाऱ्यानं विमान पाह्यलं, मंगच इनलं ना मास्तर? झालं, वय सापडलं." मी घरातला पहिला पदवीधर. इतिहास असाही वाचता येतो, हे मी मामूंकडे शिकलो.

लग्नात मात्र त्यांच्या शेजारी बसणं धोक्याचं. घुग्घुसच्या एका पाहुण्याच्या खांद्यावरचा रुमाल त्यांनी बोलता बोलता हुंगला. तो बिचारा जेवण होईपर्यंत आपलाच खांदा हुंगत होता.

मग एका हिवाळ्यात मामूंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. हे कळलं ते दूध जळाल्यावर. मी माडीवरून धावलो, समोरचा पानवाला धावला, आणि मामू पडद्याशेजारी बसून निवांत पेपर वाचत होते. मामींनी भांडं उतरवलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. मामूंनी पेपरचं पान उलटलं.

पुढे बरेच दिवस मामूंनी कोणाचं कापड हातात घेतलं नाही. वास गेल्याचं बाहेर कळलं तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती चेहऱ्यावर दिसायची.

आणि अचानक सगळं पूर्ववत झालं. फक्त एक फरक. "नाकाले विचारतो" म्हणून मामू कापड पडद्याआड धरत. कापडाले सावली लागते, असं गिऱ्हाइकाला सांगत. आतून मामींचा एक खोकला आला की कापड जुनं. नाही आला, की कालचा पोट्टा. गल्लीत सगळ्यांना हे कळलं होतं. मामूंना तेवढं कोणी कळू दिलं नाही.

एकदा हैदराबादचा व्यापारी रुमाल दाखवायला घेऊन बसला होता आणि आत मिरचीची फोडणी पडली. खोकल्यावर खोकला. मामू गोंधळले, एवढं जुनं कापड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून कापड उलटवलं. मागून रंग फिका, सरळ छापील माल.

"नाक हो म्हणते, पाठ नाई म्हणते," ते पडद्याकडे तोंड करून म्हणाले. "आज घरात एकमत नाई."

रात्री माडीवर मामींचा आवाज आला, "जलमभर माह्या भाजीले नाक मुरडलं, आता माहंच नाक लागते."

"घरातच होतं," मामू म्हणाले, "बाहेर कायले शोधू?"

मामू गेले तेव्हा मी सुट्टीत गावी होतो. परतलो तर दुकानात मामी बसलेल्या. काही महिन्यांनी सिरोंच्याची एक बाई आली. आई वारली होती, तिच्या पेटीत लाल रुमाल सापडला होता. तो खरंच आजीचा का, हे तिला मामूंना विचारायचं होतं.

मी तोंड उघडणार, तोच मामी "बसा" म्हणाल्या आणि रुमाल घेऊन पडद्याआड गेल्या. थोड्या वेळाने आतून एक खोकला आला.

"जुना हाय, चिराल्याचा," मामी बाहेर येऊन म्हणाल्या. "तुमच्या आजीचाच असन."

बाईने रुमाल छातीशी धरला. पडद्याकडे पाहत तिने हळूच विचारलं, "मामू आराम करून राह्यले का?"

"हो," मामी म्हणाल्या. "पण नाक चालू हाय त्याइचं."