हिर्डोशीच्या उतारावर सायकल टिकली

मंडळी, माझ्या दुखऱ्या कंबरेला हादरे बसू नयेत म्हणून इलेक्ट्रिक माउंटन बाइकला मागचा नवा, भारी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवला होता. आज सकाळी हिर्डोशीच्या दगडी पायवाटेवर तिची परीक्षा घेतली.

शॉकनं सगळे दगड गिळले. मग चेव येऊन एका बांधावरून उडी मारली, आणि कंबरेत अशी कळ आली की सायकलवरून उतरताच येईना.

शेतातल्या एका मावशींनी धरून खाली बसवलं. सायकल निरखून म्हणाल्या, "गाडीला काय बी झालं न्हाई. तुमीच मोडलाय, दादा."

टेम्पोतून भोरला घरी परतलो. बायकोनं हळूच विचारलं, "विकायची का आता?" मी हो म्हणालो.

तुमच्यापैकी कुणाला जिवाभावाची गोष्ट अशी सोडावी लागली का? पहिले दिवस कसे काढलेत?