हरकतबाई

कोणाच्याही तोंडावर, कोणत्याही बैठकीत, चहाचा कप हातात असतानासुद्धा ‘मला हरकत आहे’ असं त्या म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. चष्मा निघाला की आम्ही सगळे घड्याळाकडे बघायचो, कारण बैठक लांबणार हे नक्की. केमिस्ट्रीच्या या बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना मागे ‘हरकतबाई’च म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याला मात्र त्यांची हरकत नव्हती.

अंधेरीच्या आमच्या कॉलेजचं विद्यापीठ झालं, पाटी बदलली, प्राचार्यांचे कुलगुरू झाले आणि नियमाने हवा म्हणून एक ‘समान संधी कक्ष’ही निघाला. जिन्याखालची खोली मिळाली. हे काम घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ते बाईंच्या गळ्यात पडलं. मी मराठी विभागात नवीन होते, त्यामुळे सदस्य म्हणून माझं नाव परस्पर घातलं गेलं. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “हे बघ, यांना कक्ष हवाय तो फोटोपुरता. आपण तो चालवायचा. भांडणं होतील. चालेल ना तुला?” मी मान हलवली. भांडण म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

रेश्माचं प्रकरण त्याच वर्षी आलं. रेश्मा खारदांड्याची कोळ्यांची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पहाटे आईबरोबर मासळीचं काम उरकून, आंघोळ करून ती साडेसातच्या लेक्चरला हजर असे. तरी ती आली की शेजारचा बाक रिकामा व्हायचा. एके दिवशी तीन मुलांनी तिच्या बाकावर, दप्तरावर आणि तिच्या ओढणीवर रूम फ्रेशनर मारला. वर्ग हसला. एकाने त्याचा व्हिडिओ काढला.

बाई थेट कुलगुरूंकडे गेल्या. मागोमाग मी. सर म्हणाले, “मॅडम, मुलं आहेत हो. आपण दोन्ही बाजू बघू.” मग समिती बसली. समितीने मुलांना समज दिली आणि रेश्माला ‘वैयक्तिक स्वच्छता’ या विषयावर समुपदेशन सुचवलं. बाईंनी चष्मा काढला.

“आंघोळ ती रोज करते, सर. डोकी या मुलांची धुवायची आहेत.”

“मॅडम, भाषा जरा…”

“माझी भाषा सोडा. ती मुलं भर वर्गात तिची माफी मागणार आहेत की नाही?”

सरांनी पुढची फाइल उघडली. पुढचे कितीतरी आठवडे बाई तोच प्रश्न विचारत राहिल्या. कधी सर मीटिंगमध्ये असत, कधी त्या मुलांची परीक्षा असे, कधी एका मुलाच्या वडिलांचा फोन आलेला असे. मी एकदा वैतागून म्हटलं, “बाई, पुरे आता. हे मागणार नाहीत माफी.” त्या म्हणाल्या, “अगं, आपण दमावं म्हणूनच लांबवतायत ते.”

अशातच मूल्यांकन समिती येणार म्हणून ‘विविधता सप्ताह’ ठरला. समारोपाला कोळीनृत्य. भाड्याच्या टोपल्या आणल्या, थर्माकोलचे मासे कापले. सांस्कृतिक विभागाला वाटलं, पुढच्या रांगेत खरी कोळीण असली तर झकास दिसेल. त्यांनी रेश्माला बोलावलं. ती आमच्या खोलीत येऊन एवढंच म्हणाली, “मना नाय नाचाचा, बाई.”

“नको नाचूस,” बाई म्हणाल्या आणि उठून सरांना सांगून आल्या, “आधी माफी. नाच नंतर बघू.”

नाच झाला. टाळ्या पडल्या. माफी झाली नाही. मूल्यांकन समिती गेल्यावर रेश्मा यायची बंद झाली आणि ‘कक्षाला नवे नेतृत्व हवे’ असं म्हणत बाईंना त्या पदावरून बाजूला केलं. बाईंनी खोलीची किल्ली देऊन टाकली. मला घेऊन रिक्षाने खारदांड्याला गेल्या.

रेश्माची आई दारात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. तिने आम्हाला बसायला पाट दिले, चहा दिला. बाई खूप बोलल्या. फी, परीक्षा, यानंतर एकच वर्ष राहिलंय, मी स्वतः शिकवेन. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शिकव ना बाई, पोरीला जरूर शिकव. पन तिथे ती आमची लाज शिकून येतं. आता माझ्या शेजारी बसत नाय बाजारात.”

आत रेश्मा होती. ती बाहेर आली नाही. परतताना रिक्षात बाईंनी चष्मा काढला आणि पर्समध्ये ठेवून दिला.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, आणि सरांचं भाषण: बाईंमुळे आपलं विद्यापीठ कसं सर्वसमावेशक झालं. ती तीन मुलं स्वयंसेवक म्हणून खुर्च्या लावत होती. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माईकपाशी गेल्या.

“रेश्मा परीक्षेला बसली नाही,” त्या म्हणाल्या आणि खाली येऊन बसल्या.

कोणीतरी घाईघाईने आभार मानले. समोसे आले. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, “बाई, तुम्ही होतात म्हणून निदान एवढं तरी…”

“एवढं म्हणजे काय गं? काय झालं, सांग.”

मी शाल-श्रीफळाची पिशवी त्यांच्या हातात दिली.

“माझी समजूत नको घालूस,” रिक्षाला हात करत त्या म्हणाल्या. “मी चिडलेय. मला चिडलेलीच घरी जाऊ दे.”