तीन डोळ्यांची बस

"वाकायचं असेल तर त्यानं वाकावं," असं म्हणत आमचा ड्रायव्हर डावा पाय उचलायचा आणि उजव्या मांडीखाली ओढून घ्यायचा.

त्या पायाची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तेव्हाच्या बसमध्ये दिव्याचा झोत खाली करायचं बटण पायाशी असे. ते डाव्या पायानं दाबायचं. समोरून गाडी आली की दोघांनीही दाबावं, म्हणजे दोघांनाही रस्ता दिसतो, इतका साधा शिष्टाचार. पण या गृहस्थाचं म्हणणं असं, की आपले पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरात आले, ते काही मान झुकवायला नव्हे. घोड्याला दिवे नव्हते, हे त्याला कोण सांगणार?

मी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतो. एका खासगी मालकाची बस, बेंगळूरचं शिवाजीनगर ते देवनहळ्ळी. घरी दोघंही मराठी बोलणारे, म्हणून गाडीतही आमचं मराठीच चाले. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. उरलेलं त्याचं बोलणं इथं लिहिण्याजोगं नसे.

लष्कराच्या भंगारातून त्यानं एक भला मोठा दिवा पैदा केला आणि बसच्या कपाळावर बसवला. सकाळी स्टँडवर तिन्ही दिव्यांना उदबत्ती ओवाळायचा. लोक गाडीला त्रिनेत्री म्हणायला लागले, आणि तो असा फुलायचा की जणू शंकरानं स्वतःहून दाखला दिलाय. तिन्ही दिवे लागले की बॅटरीचा जीव जायचा आणि हॉर्न सर्दी झालेल्या बोकडासारखा वाजायचा. मागचा लाल दिवा मात्र कधीचा फुटलेला.

"अण्णा, मागचा दिवा बदलायचा?"

"मी मागं बघतो का कधी?"

समोरचा ड्रायव्हर डोळ्यांवर हात घेऊन शिव्या देत गेला की उतारू टाळ्या पिटायचे. पुढच्या बाकावरच्या भाजीवाल्या अक्का तर म्हणायच्या, "आज किती वाकवले, ड्रायवरण्णा?"

एकदा देवनहळ्ळीहून परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. समोरून एक लॉरी आली. तिच्या ड्रायव्हरनं आपला झोत खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला. विनवणीच ती. अण्णानं डावा पाय मांडीखाली घेतला.

लॉरीच्या पुढं, तिच्याच बाजूनं, एक बैलगाडी चालली होती. तिला कंदील नव्हता. आमच्या तीन दिव्यांत लॉरीवाल्याला ती दिसली नाही. दिसली तेव्हा त्यानं चाक फिरवलं आणि लॉरी रस्ता सोडून चिंचेच्या झाडावर गेली. तो आवाज ऐकून मी घंटी ओढली. अण्णानं गाडी थांबवली. गाडीत कुणी टाळी वाजवली नाही.

बैल आणि गाडीवाला वाचले होते. लॉरीचा ड्रायव्हर, चिक्कबळ्ळापूरकडचा एक वयस्क माणूस, गुडघा धरून गवतात बसला होता. "कण्णे काणलिल्ला अण्णा," तो म्हणाला. डोळ्यांना काही दिसलंच नाही. मग त्यानं अण्णाचा हात धरला. "तुम्ही थांबलात. कोण थांबतं हो?"

दिवा याचाच होता, हे त्याला कळलंच नव्हतं.

त्याला आमच्याच बसमधून बेंगळूरच्या दवाखान्यात नेलं. कपाळावरचा दिवा विझवून अण्णा गाडी चालवत होता, आणि सगळ्या प्रवासात त्याच्या तोंडून एक शिवी आली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पोलिसांनी बैलगाडीवाल्याला धरलं. कंदील नव्हता, म्हणजे गुन्हा त्याचा. सरी, ठीक, प्रकरण मिटलं. मालक म्हणाला, गप्प बसा. मीही तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी अण्णा चौकीत जाऊन उभा राहिला.

"त्याला कंदील नव्हता हे खरं," तो म्हणाला. "पण मी सूर्य पेटवून आलो होतो, साहेब. त्याला सोडा."

तिथून तडक दवाखान्यात. जाताना दोन चकोतरे घेतले, म्हणजे आपली पपनसं. मी बरोबर होतो. खाटेशी उभं राहून त्यानं एका दमात सांगितलं, "दिवा माझा होता. तू विनवत होतास, मी पाय खाली टेकवला नाही."

म्हाताऱ्यानं अशा शिव्या द्यायला सुरुवात केली की शेजारच्या खाटेवरचा मरणपंथाला लागलेला माणूस उठून बसला. आमच्या अण्णाच्या सात पिढ्या, ते घोडे, घोड्यांच्या आया, काही सुटलं नाही. अण्णा हात जोडून ऐकत होता. म्हातारा दमला तेव्हा अण्णानं त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "स्वल्प दम घे. मग पुढं बोल."

म्हाताऱ्यानं चकोतरा सोलायला घेतला.

अण्णाचं लायसन काही महिने गेलं. म्हाताऱ्याचा गुडघा कायमचाच गेला. क्लच दाबणं संपलं. अण्णा परत कामावर आला तो मालकाला अट घालून, "स्टँडवर टाइमकीपर म्हणून त्याला घ्या. तो नाही तर मी नाही." मालकानं कपाळाला हात लावला आणि घेतलं.

यानंतर अण्णा सुधारला. आणि सांगतो, बिघडलेला होता तेव्हा बरा होता. समोरून सायकल आली तरी झोत खाली. मागं नवा लाल दिवा, तो रोज उतरून तपासायचा. बिनकंदिलाची बैलगाडी दिसली की बस उभी करून गाडीवाल्याला प्रवचन. अक्का ओरडायच्या, "ड्रायवरण्णा, भाजी सुकली माझी!" तो म्हणायचा, "सुकू दे. भाजी विकायला तुम्ही उरायला पाहिजे ना?"

म्हातारा टाइमकीपर रोज त्याला उशिरा आल्याबद्दल झापायचा. दोघं भांडत, एकाच डब्यातलं जेवत. माफी वगैरे शब्द मी त्यांच्यात कधी ऐकला नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीला अण्णा तापानं गेला. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी संपलं.

दुसऱ्या दिवशी देवनहळ्ळीच्या गाडीवर नवा ड्रायव्हर बसला. गाडी भरली, वेळ झाली. टाइमकीपरनं गाडी सोडायची शिट्टी तोंडात धरली. उतारू खिडकीतून ओरडायला लागले, मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. मी खाली उतरून त्याच्याजवळ गेलो. त्याचे गाल फुगत होते, पण ओठ थरथरत होते आणि शिट्टीतून नुसती हवा येत होती.

"जा ना," तो माझ्यावर खेकसला, "आवाज आल्याशिवाय जाता येत नाही का तुला?"