ओठ बघून बांगडी भरणारी हलिमाबी

हलिमाबी गेल्याचं माझ्या गावाकडच्या भाच्यानं कळवलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात थांबले... आणि खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. रडू मागाहून आलं.

हलिमाबी आमच्या बावडा गावात घरोघर बांगड्या भरणारी मणेरीण. आमचा हात तिच्या हातात, पण नजर आमच्या तोंडावर. खालचा ओठ दातांत धरला की बांगडी घट्ट होतेय. दोन्ही ओठ आत ओढले की पोरगी मनातलं काहीतरी गिळतेय. तिचा अंदाज कधी चुकला नाही, एकदा सोडून, आणि तोही नेमका माझ्या लग्नात! पन्नासच्या दशकातली गोष्ट. सातवीची फायनल झाली की मास्तरीण होता यायचं, आणि मला व्हायचंच होतं. लग्नाची तारीख मात्र परीक्षेच्या आठ दिवस आधीची धरली, म्हणजे परीक्षा बुडणारच. वडिलांपुढं, आमच्या आबांपुढं, बोलायची माझी काय बिशाद? चुडा भरायला हलिमाबी आली. डावा हात भरला नि तिनं बांगड्यांची पेटीच मिटली.

"आबा, पोरीचं ओठ आत गेल्यात. तिला नवरा पसंत न्हाय. मी दुसरा हात भरायची न्हाय."

आईनं डोळ्यांना पदर लावला. आणि इंदापूरचा तो मुलगा तर मला फार आवडला होता हो! दाराआडून दोनदा बघितला होता. आता लग्नच मोडतंय या धास्तीनं मी ओरडले, "आबा, नवरा लई पसंत हाय! मला फकस्त परीक्षेला बसू द्या!"

जमलेल्या बायका हसून लोटपोट. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग ह्ये आदी बोलायला काय झालं हुतं?"

त्याच दिवशी इंदापूरला निरोप गेला. लग्न महिनाभर पुढं ढकललं. भरलेला चुडा उतरवू नये म्हणून डावा हात हिरवागार राहिला, आणि मोकळ्या उजव्या हातानं मी पेपर लिहिले. हलिमाबी म्हणायची, "ओठ मी बरोबर वाचलं, कारण तेवढं चुकलं बग."

पुढं तीस वर्षं शिकवलं. "समजलं का?" विचारलं की सगळ्या मुली "व्हय बाई" म्हणायच्या. मी त्यांच्या तोंडांकडं बघायची. एखादीचे ओठ आत गेलेले दिसले की जवळ जाऊन बसायची. कारण मात्र तिलाच विचारायची.

आता मला सगळे तब्येत विचारतात, मी "बरी आहे" म्हणते, नि ते पुढच्या कामाला लागतात. माझ्या तोंडाकडं बघून पेटी मिटणारं माणूस गेलं.