यादीतला तिसावा

ताईंचा उजवा खांदा दुखतो तो वजनकाट्यामुळे. तो काटा पिशवीत घालून नऊ वर्षं त्या कारखान्यांचे, छापखान्यांचे, बस डेपोंचे जिने चढल्या. मधूनमधून डावा खांदा वापरत जा, असं मी म्हटलं की म्हणायच्या, डाव्या खांद्यावर कागद असतात, ते कोण घेणार, तुम्ही? माझं काम खुर्चीतलं.

ते काम काय, ते सांगतो. माणसं सिगारेट ओढतात, तेलकट खातात, दिवसभर बसून राहतात. हे त्यांना सोडायला लावता येतं का आणि कशानं, याचं आमच्याकडे संशोधन चालतं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ताईंनी, म्हणजे आमच्या सर्वेक्षकबाईंनी, दर तीन महिन्यांनी एकेका कामगाराला स्टुलावर बसवायचं, त्रेचाळीस प्रश्न विचारायचे, पोटाला टेप लावायची, काट्यावर उभं करायचं आणि शेवटी एका छोट्या यंत्रात फुंकायला लावायचं. पंधरा सेकंद श्वास रोखून फुंकलं की सिगारेटच्या धुरातला वायू श्वासात किती आहे त्याचा आकडा येतो. न ओढणाऱ्याचा सहाच्या आत, ओढणाऱ्याचा वीस, तीस, कितीही. ताईंनी आणलेले आकडे मी कॉम्प्युटरात भरतो. माझ्या आयुष्यात मी एकालाही फुंकायला लावलेलं नाही, पण संशोधनावर दोन तास बोलू शकतो.

खोटं बोलण्यात आमच्या कामगारांचा कोणी हात धरणार नाही. खिशात भरलेलं पाकीट दिसत असताना 'दिवसाला दोन, तीही जेवणानंतर' असं सांगायचे. एकानं तर फुंकण्याआधी मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या चावून खाल्ल्या होत्या. यंत्राला वासाशी काही देणंघेणं नसतं, आकडा चौतीस आला. ताईंनी त्यानं सांगितलेले 'दोन' लिहिले, खाली यंत्राचे 'चौतीस' लिहिले, आणि चेहऱ्यावर रेघ उमटू दिली नाही. 'गेल्या सात दिवसांत तुमचं जेवण किती वेळा चुकलं?' हा अडतिसावा प्रश्न त्या दिवसातून पंधरा वेळा विचारायच्या आणि तीनच्या सुमाराला जिन्याच्या वळणावर उभ्या उभ्या कोरडा ब्रेड खायच्या.

या नऊ वर्षांतल्या एका पाहणीत आम्ही बारा ठिकाणं घेतली होती. मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग केले. सहा ठिकाणी समुपदेशक जाणार, एकेकाशी बोलणार, काय खावं याचा तक्ता देणार, सिगारेट सोडायला मदत करणार. उरलेल्या सहा ठिकाणी नुसतं मोजायचं आणि विचारायचं, सल्ल्याचा एक शब्द काढायचा नाही. दोन वर्षांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की सल्ल्याचा उपयोग किती ते कळणार होतं. ऑफिसात आम्ही त्यांना बोलकी ठिकाणं आणि मुकी ठिकाणं म्हणायचो. आपण कुठल्या भागात आहोत हे कामगारांना सांगायचं नाही, हाही नियमच. दोन वर्षांनंतर मुक्या ठिकाणांनाही तोच सल्ला मिळणार होता, म्हणजे आमच्या मनाला टोचणी नको.

मुक्या ठिकाणांत एक बस डेपो होता. तो ताईंकडे नव्हता, आमच्या दुसऱ्या सर्वेक्षकबाईंकडे होता. चार महिने खेटे घालून त्यांनी तिथले ओढणारे कामगार राजी केले होते. प्रत्येक ठिकाणी कमीत कमी तीस माणसं हवीत अशी अट होती आणि डेपोत मोजून तीस झाली होती. माणसं नोंदवून झाली, चिठ्ठ्या पडल्या, पहिली मोजणी उरकली. मग नावं तपासायला ती यादी माझ्या टेबलावर आली. ताई शेजारी बसून वाचत होत्या, मी खुणा करत होतो. शेवटच्या नावावर त्या थांबल्या.

ते नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं. मी त्यांना भावोजी म्हणतो. ते डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक. 'घरातलं कोणी या पाहणीत काम करतं का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही'वर खूण केली होती. दुसऱ्या बाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो कागद बिनबोभाट पुढे सरकला होता. न वाचताच खूण केली असणार, सगळे तसंच करतात, असं ताई म्हणाल्या. कर्मचाऱ्याच्या घरचा माणूस चालत नाही. नाव काढायचं म्हणजे उरले एकोणतीस, म्हणजे डेपो बाद, म्हणजे त्या बाईंच्या चार महिन्यांवर पाणी. ताईंनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.

राहू द्या, असं मी म्हटलं. एका माणसानं काय होतं?

त्यांनी नाव राहू दिलं. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. चूक केली की ती दुप्पट नियम पाळून फेडायची, असा त्यांचा खाक्या. यादीत चुकीचा माणूस ठेवला ना, मग निदान त्याचे आकडे तरी खरे असायला हवेत. मुक्या ठिकाणच्या माणसाला सल्ला द्यायचा नाही म्हणजे नाही. तो माणूस आपल्या घरात राहतो, आपल्या ताटाशेजारी जेवतो, यानं नियम बदलत नाही. यादीत त्याचं नाव पाहिलं, हेही त्याला सांगायचं नाही, कारण मग दुसरं सगळंच सांगावं लागेल.

ही बाई वीस वर्षं नवऱ्याच्या मागे लागलेली होती, हे लक्षात घ्या. सिगारेट सोडा, या एका वाक्यावर त्यांचा संसार चालला होता असं मी म्हणालो तर त्या चिडतील, पण बरंचसं तसंच होतं. पाकीट बुटांच्या कपाटात लपवायचं. रुसायचं. लेकीची शपथ घालायची. जेवताना तळलेलं पुढ्यातून उचलून घ्यायचं. भावोजी म्हणायचे, माझे कान पिकले, आणि मागच्या जिन्यात जाऊन ओढून यायचे. आल्यावर ताई पुन्हा सुरू. एकमेकांशी बोलायला दोघांकडे हा एक हमखास विषय होता.

तो एका दिवसात बंद झाला. ताईंनी तोंडाला कुलूप घातलं. पाकीट जिथे असेल तिथे राहू दिलं. मागितली तेव्हा भजी तळून दिली. राखेची वाटी इतर भांड्यांसारखी घासून जागेवर ठेवू लागल्या. मदत नाही, अडवणूकही नाही, असं नियमात होतं. नियमात वाटीबद्दल काही नव्हतं, तो त्यांनी स्वतः जोडलेला भाग.

पहिला महिनाभर भावोजी खूश होते. वर्कशॉपात सांगत सुटले की बायकोनं नाद सोडला. मग मागच्या जिन्यात जायचं बंद झालं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ओढू लागले. मग पुढच्या खोलीत. एकदा ते ताईंच्या समोरच खुर्ची ओढून बसले, सिगारेट पेटवली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ताई लेकीच्या फ्रॉकची शिवण उसवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. बोलले नाही तर घसा का दुखतो हो, असं मला विचारत होत्या. मी चहा मागवला.

त्या दोन वर्षांत ताई थकल्या. काटा तोच होता, जिने तेच होते, पण दिवसभर परक्या माणसांना विचारायचं आणि घरी जाऊन काहीच विचारायचं नाही, यानं त्यांचा जीव मेटाकुटीला आला. बोलक्या ठिकाणी समुपदेशक कामगारांना समजावत असायचे, तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, ते लोक फार छान बोलतात, मी वीस वर्षं नुसती ओरडतच होते. मी म्हटलं, आता दोन वर्षं संपली की छान बोला. त्यावर त्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी भावोजींची छाती भरली. तीन दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा तिथला डॉक्टर त्यांना झापत होता, आणि ताई पलंगाच्या पायथ्याशी औषधांची पिशवी धरून उभ्या होत्या. भावोजींनी डॉक्टरचं सगळं बोलणं ताईंकडे बघत ऐकलं. डॉक्टर गेला तरी बघतच होते. ताईंनी पिशवीतून बाटली काढली आणि चमच्यात औषध ओतलं.

बाहेर व्हरांड्यात माझा धीर सुटला. मी म्हणालो, "ताई, आता बोला त्यांच्याशी. खड्ड्यात गेली पाहणी. एका माणसानं काय होतं?"

"हेच तुम्ही तेव्हा म्हणाला होतात," ताई म्हणाल्या. "म्हणून तर नाव राहिलं."

मला लाज वाटली. रागही आला, त्यांच्या प्रामाणिकपणाचा. असला प्रामाणिकपणा माणसाला कुठे नेतो, ते दिसत होतं. त्या दिवशी मॅडमकडे जाऊन सगळं सांगून टाकावं असंही मनात आलं. गेलो नाही. डेपो बाद झाला असता, दुसऱ्या बाई रडल्या असत्या, माझ्यावरही ठपका आला असता. म्हणजे मूग गिळून मीही बसलो, फक्त माझ्याकडे नियमाचं कारण नव्हतं.

शेवटची मोजणी झाली. डेपोतल्या तिसाव्या माणसाचा आकडा आला एकतीस. सुरुवातीला अठरा होता. मी तो भरला, आणि ताईंना म्हटलं, झालं, आजपासून तुम्ही मोकळ्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच वेळेवर घरी गेल्या. वाटेत काय काय बोलायचं याची त्यांनी उजळणी केली होती, समुपदेशकांच्या पद्धतीनं, न ओरडता.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, काटा जमिनीवर ठेवला आणि माझ्यासमोर बसल्या. मी विचारायच्या आधीच सांगू लागल्या. संध्याकाळी त्यांनी भावोजींपुढे चहा ठेवला आणि म्हटलं, आता सोडू या का ही सिगारेट, मी मदत करते. भावोजींनी चहा पिऊन संपवला. मग म्हणाले,

"मी तुमच्या पाहणीत नाव घातलं होतं. तुला कळू नये म्हणून खोटी खूण केली. वाटलं, तुमचे लोक सोडवतील आणि एक दिवस तुला येऊन सांगेन. तुमची ती बाई यायची, फुंकायला लावायची आणि जायची. म्हटलं, जाऊ दे, घरी आपली बायको आहे, ती सोडणार नाही आपल्याला. तर तूही गप्प झालीस. दवाखान्यातसुद्धा. मला वाटलं, आता हिला माझं काही पडलेलं नाही."

मग ताईंनी त्यांना यादीचं, चिठ्ठ्यांचं, नियमाचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चिडले नाहीत. असं होय, एवढंच म्हणाले आणि चपला घालून फेरी मारायला गेले. आता डेपोत सल्ल्याची बैठक सुरू होणार आहे, तिथे नाव घालणार का, असं ते परतल्यावर ताईंनी विचारलं. नको, म्हणाले. सवय झाली आता.

हे सांगताना ताई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी आपला धावून गेलो ते आकड्यांकडे, मला दुसरं येतं काय? सगळ्या ठिकाणच्या मोजण्या आदल्याच आठवड्यात आटोपल्या होत्या आणि त्यांचा कच्चा तक्ता माझ्याकडे तयार होता. बोलक्या ठिकाणी शंभरातल्या अकरा जणांनी सोडली होती, मुक्या ठिकाणी नऊ जणांनी. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला, बोट ठेवून दाखवलं, आणि समजावलं की बघा, सांगून काय आणि न सांगून काय, तुम्ही बोलला असतात तरी बहुतेक काही झालं नसतं. तुमच्या गप्प राहण्यानं त्यांचं काही नुकसान झालेलं नाही, हे इथे लिहिलेलंच आहे.

ताईंनी तक्ता नीट वाचला, दोन्ही रकाने, वरपासून खालपर्यंत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा सिगारेटचा तक्ता आहे. ह्यांनी मला सिगारेटचं काही विचारलंच नाही."